पोतंभर पांढरी माती

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. माझं माहेर घाटावर, मेहकरच्या बाजूला. सासर घाटाखाली, नांदुऱ्याकडे. दोन्हीकडचं बोलणं वेगळं, ऊन वेगळं, मातीही वेगळी. माहेरी हलकी, मुरमाड जमीन. पाऊस उघडला की अर्ध्या दिवसात वाट कोरडी होते. सासरी पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन. पावसाळ्यात ती चपलेला चिकटून पाय उचलू देत नाही, उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. कोंबडीच्या अंगावर उवा किती होणार हे बऱ्याच अंशी या मातीवर ठरतं, हे मला पशुसखीचं काम करताना कळत गेलं.

उमेद अभियानात पशुसखीचं प्रशिक्षण झालं तेव्हा लसी शिकवल्या, जंताची औषधं शिकवली, शेळीचं वय दातांवरून ओळखायला शिकवलं. कोंबड्यांच्या बाबतीत सगळा भर मानमोडीवर होता, आणि तो योग्यच आहे. मानमोडी शिरली की आठवडाभरात गल्लीतली खुराडी रिकामी होतात. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात लासोटाचा थेंब, दोन महिन्यांचं झालं की टोचायची लस. कोंबडी दिवसा हाती लागत नाही, म्हणून आम्ही तांबडं फुटायच्या आत किंवा रात्री, ती खुराड्यात असतानाच जातो. पंखाखाली हात घालून तिला धरलं की पावसाळ्यात मनगटावर सुरसुर होते. पिवळसर, चपट्या उवा हातावरून बाहीत चढतात. शेपटीखालची पिसं वर करून बॅटरी धरली की पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरट झुबके दिसतात. अशी कोंबडी रात्रभर चोच मारत जागी राहते, वाळत जाते, अंडी कमी करते. मग घरची बाई मला म्हणते, "ताई, तुमी लस टोचली तवापासून अंडे बंद झाले." लसीवर असा आळ येत राहिला तर पुढच्या वेळी कुणी कोंबडी धरून द्यायचं नाही. म्हणून मी आधी उवांच्या मागे लागले, आणि उवांच्या मागे जाता जाता मातीपाशी पोचले.

कोंबडी धुळीत न्हाताना पुष्कळांनी पाहिलेली असते, पण शेवटपर्यंत थांबून फार थोड्यांनी. ती बहुधा दुपारच्या उन्हात बसते. आधी चोचीने माती स्वतःकडे ओढते, पायांनी उकरते, अंगापुरता खळगा करते. मग सगळी पिसं फुलवून त्यात बसते आणि पंख हलवून हलवून माती पाठीवर आणि पिसांच्या आतपर्यंत उडवते. नंतर एका कुशीवर पडते, मान जमिनीला घासते, एक पाय लांब ताणते, मग दुसऱ्या कुशीवर वळते. मधे बराच वेळ ती नुसती पडून राहते, डोळे अर्धवट मिटलेले, एक पंख पसरलेला. पहिल्यांदाच कोंबड्या घेतलेल्या घरांतून मला यासाठी घाईने बोलावणं येतं: "ताई, लवकर या, कोंबडी झटके देऊन रायली!" मी जाईपर्यंत कोंबडी उठलेली असते. ती एकदाच सगळं अंग जोरात झाडते, धुळीचा लोट उडतो, आणि चरायला निघून जाते. एक बसली की दुसरी येते, तिसरी येते, एकमेकींना खेटून त्याच खळग्यात माती उडवत राहतात. कोंबडाही त्यात असतो.

यामागचं काम साधं आहे. कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक गाठ असते. तिथलं तेल ती चोचीने पिसांना लावते. हे तेल जुनं झालं की चिकट होतं, आतली मऊ पिसं एकमेकांना चिकटतात, ऊब धरत नाहीत, आणि उवांना दडायला जागा मिळते. कोरडी, बारीक माती हे जुनं तेल शोषून घेते आणि अंग झाडताना उवांनाही सोबत घेऊन जाते. डेन्मार्कचे संशोधक क्लाऊस वेस्टरगार्ड यांनी १९८० च्या दशकात या न्हाण्याचा बारकाईने अभ्यास केला. साधारण दिवसाआड, दर वेळी अर्ध्या तासाच्या आसपास, आणि बहुतेकदा दिवसाच्या मध्यावर, असं त्यांना दिसलं. माती काही दिवस मिळाली नाही आणि मग मिळाली, तर कोंबडी जास्त वेळ न्हाते, हेही अशा अभ्यासांतून पुढे आलं. आमच्याकडे आठवड्याची झड उघडून ऊन पडलं की ते कुणालाही बघायला मिळतं. यंत्रात उबवलेली, आईचा पंख कधी अंगावर न आलेली पिल्लंसुद्धा लहानपणीच भुशात लोळायला लागतात. जी गोष्ट कुणी न शिकवता प्रत्येक पिल्लू करतं, ती त्याच्या गरजेची आहे, असं मी मानते. दाणा आणि पाणी यांच्याच रांगेत मी माती धरते.

उन्हाळ्यात कोंबडी आपली सोय आपण करते. घाटाखाली मे महिन्यात ऊन असं तापतं की माणसं दुपारी दार लावून घेतात. त्या वेळी कोंबड्या कडुलिंबाखाली, भिंतीच्या सावलीत, वीतभर खोल खड्डे करून पडलेल्या असतात. अंगाखाली गार माती, अंगावर कोरडी धूळ. या महिन्यांत मला उवा क्वचित सापडतात. खरी अडचण मृग बरसला की सुरू होते. आमच्या काळ्या मातीचा चिखल होतो, वाळला तर ढेकूळ होतो. या दोन्हींच्या मधली, भुरभुरीत अवस्था तिला पावसाळ्यात येतच नाही. खारपाणपट्ट्यात तर वरची माती सुकली की तिची कडक पापडी होते. कोंबडी ओल्या जमिनीत दोनदा चोच मारते आणि उठून जाते. उवेची एक पिढी तीनेक आठवड्यांत तयार होते आणि ती सगळी कोंबडीच्या अंगावरच वाढते. चार महिने न्हाणं बंद राहिलं तर आश्विनात कोंबडीच्या अंगावर काय असेल याचा हिशेब कुणालाही करता येईल.

जुन्या बायकांना हे ठाऊक होतं. मातीच्या घरांच्या ओसरीखाली, वळचणीच्या आत पाऊस पोचत नसे. चुलीची राख रोज परसात पडे. कोंबड्यांना त्या राखेत लोळताना कुणी हाकलत नसे. आणि गावठाणाची माती पांढरी. काळी शेताची, पांढरी गावाची. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, राख, शेण, काडीकचरा यांची बनलेली ही माती हाताला पिठासारखी लागते. तिच्यात चिकटपणा कमी, म्हणून धाब्याच्या घरांवर तीच टाकत. कोंबडीला काळी आणि पांढरी शेजारी शेजारी दिली तर ती पांढरीत बसते, हे मी अनेक घरी करून दाखवलं आहे.

आता ते दिवस पालटले. गल्लीत सिमेंटचा रस्ता आला, अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक आले, मातीच्या भिंती पाडून घरकुलं उभी राहिली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तशी घरोघरी शेगडी आली आणि राख कमी झाली. यातल्या कशाचंही मला वाईट वाटत नाही. चुलीच्या धुरात माझ्या आईचे डोळे गेल्यातच जमा झाले. गॅस आला हे चांगलंच झालं. पावसात गुडघाभर चिखलातून पोरं शाळेत जायची, आता सुकी जातात. पण या सगळ्या सुधारणेत कोंबडीची माती कुणाच्या ध्यानात राहिली नाही. जुन्या गढ्यांची आणि पडक्या घरांची पांढरी माती ट्रॅक्टरने उचलून शेतात टाकतात, म्हणून तीही गावातून चालली आहे. अंगण जितकं स्वच्छ, तितकी कोंबडीला धूळ कमी. मोठ्या, चांगल्या बांधलेल्या घरांच्या कोंबड्यांवर मला आज झोपडीतल्या कोंबड्यांपेक्षा जास्त उवा दिसतात.

म्हणून आता धूळ करून द्यावी लागते, आणि ते अजिबात अवघड नाही. सरकारी योजनेत तलंगांचा गट येतो तो २५ तलंगा आणि ३ नर असा. एवढ्या पक्ष्यांना चार फूट लांब, तीन फूट रुंद जागा पुरते. चार बाजूंनी विटा रचायच्या, म्हणजे माती इकडेतिकडे पसरत नाही. जागा छपराखाली हवी, पण सकाळचं नाहीतर दुपारचं ऊन तिथे पोचलं पाहिजे. अंधाऱ्या कोपऱ्यात कोंबडी न्हायला बसत नाही. आत वीतभर माती. तिचं प्रमाण असं: चार घमेली चाळलेली पांढरी माती, एक घमेलं नदीची बारीक रेती, एक घमेलं चाळलेली लाकडाची राख, आणि सावलीत वाळवून चुरलेला कडुलिंबाचा पाला दोन-तीन मुठी. पाचसात कोंबड्या असतील तर ट्रकचं जुनं टायर, फुटका ड्रम आडवा कापून, किंवा तळ गेलेलं मोठं टोपलंही चालतं. पाऊस तिरपा येतो त्या अंगाला पोत्याचा पडदा. रोज सकाळी वरची विष्ठा काढून टाकायची, आठ-पंधरा दिवसांनी ऊन मिळेल तेव्हा माती परतून वाळवायची. एवढंच.

राखेबद्दल मात्र मी प्रत्येक घरी बजावते. राख कोरडीच हवी. ती ओली झाली की तिचा खार सुटतो आणि कोंबडीचे पाय, डोळे झोंबतात. प्लॅस्टिक, चपला, फवारणीच्या औषधाचे डबे जाळलेली राख कधीच घ्यायची नाही. चुन्याची भुकटी मातीत मिसळायची नाही. खुराड्याच्या भिंतीला चुना मारावा, तिथे तो उपयोगी आहे. आणि ही सगळी धूळ चारी बाजूंनी बंद खोलीत ठेवू नये, कोंबडीच्या श्वासाला ती बाधते. वारा खेळता हवा.

"कोंबड्यायले आता न्हाणीघर बी पायजे का, बाई?" असं एका आजींनी मला विचारलं होतं. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, काळजी होती. आधीच दाण्याचा खर्च, त्यात हे नवं. मी म्हटलं, "आजी, तुमच्या पडक्या भिंतीची माती घ्या. पैसा लागत नाही." त्यांनी घेतली. पुढे त्यांच्याच गल्लीतल्या बायका माती मागायला त्यांच्याकडे जायला लागल्या.

पैसा लागत नाही हे मी मुद्दाम सांगते, कारण उवांवरचा जो उपाय गावोगाव चालतो त्याला पैसाही लागतो आणि जीवही. आमचा कपाशीचा मुलूख. प्रत्येक घरात फवारणीच्या औषधाची बाटली असते. उवा वाढल्या की तेच बादलीत कालवून कोंबड्या बुचकळतात. सकाळी बुचकळलेल्या कोंबड्या दुपारपर्यंत माना टाकून पडलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्या जगतात त्यांची अंडी त्याच घरातली लेकरं खातात. २०१७ च्या खरिपात आमच्याच अमरावती विभागात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाला जे उघड्या शेतात मारतं, ते दीड किलोच्या कोंबडीच्या अंगाला चोळायचं? योगायोग असा की त्याच वर्षी युरोपात नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या अंड्यांत फिप्रोनिल सापडलं. कोंबड्यांच्या शेडमधले रक्तपिते लाल किडे मारायला ते बेकायदा वापरलं होतं. लाखो अंडी नष्ट करावी लागली, देशोदेशीच्या दुकानांतून अंडी उचलली गेली. तेच फिप्रोनिल आपल्याकडे पिकांवर फवारायला कृषी केंद्रात मिळतं. आपल्या गावरान अंड्यांची तपासणी करायला कुणी येत नाही, म्हणून ती आपणच जपली पाहिजेत.

खुडूक कोंबडीचं सगळ्यात जास्त ध्यान ठेवावं लागतं. ती २१ दिवस अंड्यांवर बसते आणि दिवसातून एखादाच फेरा बाहेर मारते: दाणा, पाणी, विष्ठा, आणि जमलं तर मातीत लोळणं. बसून बसून तिचं अंग तापलेलं, पिसं दाबलेली. उवांना याहून चांगली जागा नाही. माती लांब असेल तर एक तर ती न न्हाता परत येते, नाहीतर न्हाण्याच्या नादात अंडी गार होतात. उवांनी जास्तच खाल्लं तर कोंबडी अंडी सोडून उठते आणि सगळा उबवा वाया जातो. माझी आजेसासू टोपल्यात आधी राख, त्यावर कडुलिंबाचा पाला, त्यावर भुसा घालून मग अंडी मांडायची. आभाळ कडाडलं तर अंडी नासू नयेत म्हणून कडेला कोळसा आणि लोखंडाचा खिळाही ठेवायची. खिळ्याकोळशाचं मला सांगता येणार नाही, पण राख आणि पाला मी आजही प्रत्येक टोपल्यात घालायला लावते, आणि मातीचं घमेलं टोपल्यापासून चार पावलांवर ठेवायला सांगते. पिल्लं निघाल्यावर आईच्या अंगावरच्या उवा त्यांच्या डोक्यावर, मानेवर चढतात. एवढ्याशा जिवाला ते सोसत नाही. पिल्लं "अशीच मेली" म्हणतात त्यातली बरीच अशी गेलेली असतात. आई स्वच्छ असेल तर पिल्लं तिच्या मागे मागे मातीत येतात आणि आठ-दहा दिवसांची होईस्तोवर तिच्या शेजारी छोटे छोटे खळगे करू लागतात. मला या कामात सगळ्यात समाधान देणारं दृश्य तेच आहे.

अलीकडे काही घरी तारेचे पिंजरे आले आहेत. मांजर-मुंगसापासून बचाव होतो, अंडी सापडतात, त्यामुळे घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण पिंजऱ्यातल्या कोंबडीला दुपारी पाहावं. ती उघड्या तारेवर बसते, पिसं फुलवते, चोचीने दाण्याच्या भांड्यातली भुकटी ओढते आणि नसलेली माती अंगावर उडवू लागते. पंख हलतात, कुशीवर पडते, सगळं करते. अंगावर काहीच येत नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते बघवलं नाही. ही तिची ओढ युरोपातल्या लोकांनी कायद्यात घेतली. १९९९ च्या निर्देशाने त्यांनी अंड्यांच्या कोंबड्यांचे रिकामे तारेचे पिंजरे बंद करायचं ठरवलं, १ जानेवारी २०१२ पासून ते बंद झाले, आणि कोंबडीला चोच मारायला, उकरायला भुसा किंवा तसंच काही द्यावं असा नियम झाला. आपल्याला कायद्याची वाट बघायचं कारण नाही. पिंजरा असेल तर रोज दुपारी तासभर कोंबड्या मातीत सोडाव्यात. सोडणं जमत नसेल तर मातीचं उथळ घमेलं आत ठेवावं.

मातीने सगळं होतं असं मी कधीच सांगत नाही. लाल किडे आणि कोंबडीच्या गोचिडी दिवसा खुराड्याच्या फटीत असतात, रात्री येऊन रक्त पितात. त्यांच्यासाठी फटी लिंपायच्या, चुना मारायचा, दांडे काढून उन्हात तापवायचे. मानमोडीला लसच लागते. आणि उवा फार वाढलेल्या असतील तर नुसती माती पुरत नाही, पशुवैद्यकांना विचारून कोंबड्यांसाठीचीच भुकटी आणावी, आणि लिखा फुटून नव्या उवा निघतात म्हणून ती पुन्हा लावावी. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी कोंबड्यांना मातीच्या पेट्या देऊन पाहिल्या, त्यात वेगवेगळ्या भुकट्या मिसळल्या. पेटीत न्हाणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरच्या उवा आणि किडे झपाट्याने घटले, आणि गंधकाचा गुण सगळ्यात चांगला आला. मिरची-भाजीपाल्यावर भुरीसाठी धुरळायची गंधकाची भुकटी आपल्याकडे मिळते. उवा जास्त असतील तिथे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ती थोडीशी मातीत मिसळावी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: ज्या कोंबड्या पेटीत बसत नाहीत त्यांना तिचा फारसा फायदा होत नाही. म्हणून पेटी कुठे ठेवली, ऊन येतं का, दबणाऱ्या कोंबडीला जागा मिळते का, हे बघावं. मोठा कळप असेल तर एका मोठ्या जागेपेक्षा दोन लहान बऱ्या. भांडखोर कोंबड्या एकीवर बसल्या तरी दुसरी मोकळी राहते.

अंड्याच्या पैशावर आमच्याकडे घरातल्या बाईचा हक्क असतो. कापूस-सोयाबीनचा हिशेब घरधन्याकडे, पण डझनभर अंडी विकून आलेले पैसे तिचे: वही, बांगडी, दवाखान्याचं भाडं. ती अंडी उवांनी खाऊ नयेत, एवढ्यासाठी मी गावोगाव मातीचं सांगत फिरते. माझ्या पशुसखी मैत्रिणींना माझं सांगणं आहे की लसीची पेटी घेऊन जाल तेव्हा एक कोंबडी उलटी धरून शेपटीखालची पिसं घरच्या बाईला दाखवा, आणि माती कुठे आहे ते विचारा. घर बांधणाऱ्यांनी अंगणभर फरशी घालताना छपराखालचा चार बाय तीन फुटांचा तुकडा तसाच सोडावा. आणि ज्यांच्या दारी कोंबड्या आहेत त्या सगळ्यांनी, आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की, पडक्या भिंतीची पांढरी माती चाळून, दोन दिवस उन्हात वाळवून एक पोतं भरावं आणि घरात कोरड्या जागी ठेवावं. मृगाचा पहिला पाऊस पडण्याआधी ते भरलेलं असू द्या.